रोज पळणाऱ्या मुलाने दिवसाला तीन-चार सिगारेटी ओढल्या, तर दमावर खरंच परिणाम होतो का?

तुमचा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय आणि म्हणतो, "रोज एवढा घाम गाळतो, सगळं बाहेर पडतं." साताऱ्यात मी बारा वर्षं भरतीच्या पोरांचा सराव घेतोय. हे वाक्य कितीतरी पोरांच्या तोंडून ऐकलंय. तसं काही होत नाही. सिगारेटचा परिणाम घामावाटे जात नाही.

१६०० मीटर म्हणजे मैदानाला चार फेऱ्या. ओढणारा पोरगा पहिल्या दोन फेऱ्यांत ओळखू येत नाही. तिसरीत खांदे कानाकडे चढतात, पावलं आखूड पडायला लागतात. गेल्या थंडीत अकरावीतला एक पोरगा असाच मध्येच थांबला आणि गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला, "सर, पायात हाय अजून, पर छातीच भरून आलीया." तोंडाला वेलदोड्याचा वास. सकाळी सहाला वेलदोडा कोण चघळतं?

पोरगा बोलला ते अगदी खरं होतं. पायात ताकद असते, पण पायाला प्राणवायू कमी पडतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. सिगारेट विझली तरी पुढचे काही तास ती जागा अडलेलीच राहते. निकोटिनने ठोके वाढतात ते वेगळेच. यवतेश्वरचा घाट चढायला लागायच्या आधीच याचं हृदय जादा काम करत असतं.

मला जास्त काळजी त्याच्या वयाची वाटते. मुलग्यांची फुप्फुसं विशीच्या आसपासपर्यंत वाढत असतात. या वयात ओढणाऱ्यांची ही वाढ मंदावते, हे अभ्यासांत दिसलंय. सरावाने पाय कमावता येतात, फुप्फुसांच्या वाढीची गेलेली वर्षं परत कमावता येत नाहीत.

सोडली तर मात्र फरक लवकर पडतो. दिवसभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ उतरतो, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत दम सुधारतो. त्याला कॅन्सरची भीती घालू नका, सतराव्या वर्षी कॅन्सर फार लांबचा वाटतो. आजची १६०० ची वेळ वहीत लिहून ठेवायला सांगा. महिनाभर सिगारेट बंद, सराव तोच, आणि मग पुन्हा घड्याळ लावा.

टपरीवाल्याशीही बोला. अठराच्या आतल्या मुलाला सिगारेट विकणं गुन्हा आहे, आणि महाराष्ट्रात सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर २०२० मध्येच बंदी आली.

पहिला आठवडा तो चिडेल, झोप उडेल, जेवणावरून घरात भांडेल. त्याच्याशी वाद घालू नका. सकाळी त्याच्याबरोबर मैदानावर जा, कारण तलफ बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत ओसरते आणि तेवढा वेळ कुणीतरी शेजारी असावं लागतं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मोफत फोनसेवाही आहे, १८००-११-२३५६. नंबर त्याच्या हाताने त्याच्याच मोबाईलमध्ये सेव्ह करून घ्या.