वाचकांचे प्रश्न : खापरपणजोबा नक्की कधी आले?

प्रश्न : आमच्या आजोबांची एक पेटी आहे, आत मोडी कागद. घरात कायम ऐकलंय की खापरपणजोबा सयाजीराव महाराजांसोबत नाशिककडून बडोद्याला आले. पण एका मोडी वाचणाऱ्या काकांनी एका कागदावर शके 1771 वाचलं, दुसरे म्हणतात 1777. त्यात नाव आहे, पुढे ‘बिन’ आणि बापाचं नाव, मग ‘घोडी रास 1’, म्हणजे एक घोडं. आडनाव कुठेच नाही. हा माणूस आमचाच कशावरून? - एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : आधी आकड्याचं बघू, कारण मोडीत 1 आणि 7 वरून भांडणं होतातच. शकाच्या शेजारी संवत्सराचं नाव लिहिलंय का ते शोधा, सौम्य असेल तर 1771 आणि राक्षस असेल तर 1777, हे नाव साठ वर्षांनीच परत येतं त्यामुळे वाद तिथेच मिटतो. शकेत 78 मिळवले की इसवी सन (पौष, माघ, फाल्गुनातला कागद असेल तर बहुधा 79), म्हणजे 1849 नाहीतर 1855. दोन्ही साली गादीवर गणपतराव गायकवाड होते. सयाजीराव महाराजांचा जन्म 1863चा, नाशिककडच्या कवळाण्याचा, आणि ते दत्तक आले 1875 मध्ये. मग घोड्याची नोंद असलेला तुमचा माणूस त्यांच्यासोबत कसा येणार? आधीच आलेला होता! घराण्याच्या गोष्टी मोठ्या नावाला जाऊन चिकटतात हो, त्यात आजोबांचा काही दोष नाही. कदाचित 1875 ला आलेला दुसराच कुणी चुलता-पुतण्या असेल आणि दोघांची गोष्ट एक झाली असेल.

आडनाव नाही म्हणून घाबरू नका. त्या काळच्या कागदांत नाव, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि गाव एवढ्यावर भागायचं. पण नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपली पद्धत, म्हणून नुसतं नाव जुळलं की ‘सापडले’ म्हणू नका, बापाचं नावही जुळायला हवं. आणि शिलेदार लिहिलंय की बारगीर तेही नीट वाचून घ्या. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, बारगिराचं सरकारी, त्यावरून घरची ऐपत कळते.

मूळ गाव कळलं की नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. त्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्याचं, त्याच्या बापाचं, आजाचं, भावांचं नाव असतं, कधी पूर्वजाच्या स्वतःच्या हातची सही पण मिळते. बायकांची नावं मात्र फार कमी, खापरपणजीसाठी घरातली श्राद्धाची यादी बघा, तिथे ती सापडू शकते. मग शेवटी संस्थानचं दफ्तर, ते आता गुजरात राज्याच्या अभिलेखागाराकडे आहे, पण नाव-बाप-साल हातात नसताना तिथे गेलात तर रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या, ढिगात हरवाल.

आणि प्लीज, कागदांना लॅमिनेशन करू नका. फोनवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पत्र असेल तर मागच्या बाजूला ‘पैवस्ती’ म्हणून पोचल्याची तारीख असू शकते, आणि लोक नेमकी तीच बाजू सोडतात.