घरी येतं, पण सराव स्पर्धेत जमत नाही

"घरी सगळं सोडवते हो, पण घड्याळ लावलं की हातपाय गाळते." ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. तिथल्या शाळांच्या मॅथ क्लबमध्ये तेव्हा एएमसी ८ या शालेय गणित स्पर्धेच्या सराव स्पर्धा सुरू झालेल्या असतात. मुख्य परीक्षा जानेवारीत. आठवीपर्यंतची मुलं बसतात. २५ प्रश्न, ४० मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, कॅल्क्युलेटर नाही आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

सातवीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिला ईरा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. जुनी प्रश्नपत्रिका निवांत सोडवली की २० बरोबर, क्लबमध्ये मात्र ११. वडिलांनी लहानपणी सातवीची स्कॉलरशिप दिलेली, त्यामुळे त्यांचा उपाय ठरलेला : रोज एक पेपर. त्यानं ११ चे १० झाले.

मी तिचा पेपर मागवला, कच्च्या कामाच्या कागदांसकट. गुणांपेक्षा हे कागद जास्त बोलतात. नवव्या प्रश्नासाठी अख्खं पान भरलेलं होतं आणि १८ ते २५ कोरे होते.

"नवव्यात किती वेळ गेला?"

"सात मिनिटं असतील."

"अडकलीस तेव्हा मनात काय चाललं होतं?"

"नववा सोपाच असतो. मला यायलाच हवा."

"आणि तो सोडून दहावा घेतला असतास तर?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग मी मॅथवाली नाही, असं होईल ना."

सगळा गुंता या एका वाक्यात होता. गणित कच्चं नव्हतं, वेगही कमी नव्हता. प्रश्न सोडणं म्हणजे आपण हुशार नसणं, असा अर्थ तिनं लावला होता आणि तो अर्थ तिची सात मिनिटं खात होता. घाबरलेल्या मुलांना दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. श्वासानं छाती शांत होते, पण हा अर्थ तसाच राहतो. तो प्रत्यक्ष करून पाहिल्यावरच बदलतो, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून तिला एक काम दिलं. पुढच्या सरावात पहिल्या पंधरातले तीन प्रश्न मुद्दाम सोडून पुढे जायचं.

"येत असला तरी?"

"येत असला तरीही."

पुढच्या भेटीत ती स्क्रीनवर येताच सांगू लागली. तीनपैकी दोन प्रश्न परत आल्यावर सुटले होते, एक तर मिनिटभरात. "तो कुठे पळून गेला नव्हता," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या कामात मला अजूनही अशाच वाक्यांची ओढ वाटते, कारण ते मी शिकवलेलं नसतं.

त्यानंतर वेळेची आखणी सोपी झाली. ४० मिनिटांत २५ म्हणजे सरासरी ९६ सेकंद, पण प्रश्न पुढे पुढे कठीण होत जातात, त्यामुळे सरासरीवर विसंबू नये. पहिल्या दहांना १२ मिनिटं, पुढच्या दहांना १८. उरलेल्या १० मिनिटांत शेवटचे पाचही वाचायचे, त्यातले जमतील ते आणि मागे सोडलेले सोडवायचे. दोन मिनिटांत पुढची पायरी सुचली नाही की प्रश्नाला गोल करून पुढे. शेवटच्या मिनिटात कोरी राहिलेली उत्तरं अंदाजानं भरायची, कारण गमवायला काहीच नाही. एक जपायचं : प्रश्न सोडला की उत्तरपत्रिकेत रंगवायचे गोल एका घरानं सरकतात. दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवून पाहा.

चुकीच्या उत्तरांचं कारण वेगळं होतं. १ ते १०० मध्ये ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या संख्या किती? ३३ अधिक २० म्हणजे ५३, आणि ५३ हा पर्याय समोर असतोच. पण १५ च्या सहा पटी दोनदा मोजल्या गेल्या, बरोबर उत्तर ४७. आपलं उत्तर पर्यायांत दिसलं म्हणून ते बरोबर, असं अजिबात नाही. नेहमीच्या चुकांतून येणारी उत्तरं पर्यायांत मुद्दाम ठेवलेली असतात.

रोजचा पेपर मी थांबवला. आठवड्याला एकच, पूर्ण वेळ लावून. पेपर फक्त मोजतो. शिकणं होतं ते दुसऱ्या दिवशी, चुकलेले प्रश्न उत्तर न बघता आणि घड्याळ न लावता पुन्हा सोडवताना. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं : आलं नाही, येत असून चुकलं, की वेळ पुरला नाही. आलं नाही तर तो धडा पुन्हा, येत असून चुकलं तर प्रश्नातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायची सवय, वेळ पुरला नाही तर गोल करण्याचा सराव.

मॅथकाउंट्स या दुसऱ्या गणित स्पर्धेची तयारी करणाऱ्यांनी मात्र ही आखणी जशीच्या तशी उचलू नये. तिथे स्प्रिंट फेरीत ४० मिनिटांत ३० प्रश्न आणि पर्याय नाहीत. टार्गेट फेरीत दोन-दोन प्रश्नांची जोडी, जोडीला ६ मिनिटं, कॅल्क्युलेटर चालतो. पण वेळ संपली की त्या जोडीकडे परत जाता येत नाही. तिथे आधी दोन्ही प्रश्न वाचून सोपा निवडावा.

ईराच्या आईबाबांना मी एकच गोष्ट सांगितली : क्लबमधून आल्यावर "किती पडले?" याआधी "कुठला प्रश्न सोडून पुढे गेलीस?" हे विचारा. वडिलांना ते अवघड गेलं, पण त्यांनी केलं.

जानेवारीत तिला १७ मिळाले. चुकलेल्यांत बहुतेक प्रश्न भूमितीचे आणि मोजणीचे होते, खरोखर न आलेले. ते घेऊन मी तिला क्लबच्या शिक्षकांकडे जायला सांगितलं.