पदवीच्या नावात ‘एआय’ असायलाच हवं का?

प्रश्न : मुलीला एआयची पदवी घ्यायची आहे. गणित चांगलं आहे. सगळे म्हणतात भवितव्य यातच आहे, आणि तेच लोक म्हणतात की आता प्रोग्रामसुद्धा मशीनच लिहितं, चार वर्षांनी कामच उरणार नाही. शिवाय ती अभ्यासातलं सगळं चॅटबॉटला विचारते, तेही खटकतं. तिला या शाखेत जाऊ द्यावं का? – एक पालक

उत्तर : जाऊ द्या, पण पदवीच्या नावावर भाळू नका.

आधी नोकऱ्यांची भीती. २०१६मध्ये एआय-संशोधक जेफ्री हिंटन यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं आता थांबवा. पाच, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. हिंटन म्हणजे कोणी ऐरेगैरे नव्हेत, २०२४च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे ते मानकरी. यंत्रं खरंच सुधारली, तरी रेडिओलॉजिस्ट आजही लागतात. कारण फिल्म वाचणं हा त्यांच्या कामाचा एक भाग. कोणती तपासणी करायची हे ठरवणं, जुन्या तपासण्यांशी ताडून पाहणं, उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं आणि शेवटी अहवालावर सही करणं हेही त्यांचंच काम आहे. म्हणून कुठल्याही व्यवसायाकडे पाहताना त्यातली आठ-दहा कामं कागदावर मांडा आणि प्रत्येकापुढे लिहा : चूक झाली तर ती कोणाच्या लक्षात येईल, आणि जबाब कोण देईल? जिथे चूक लगेच दिसते आणि नुकसान किरकोळ असतं, ते काम यंत्राकडे आधी जातं. गोम अशी की नवशिक्यांना दिली जाणारी कामं बहुतेक याच प्रकारची असतात. खरा फटका तिथे आहे : पहिली पायरीच निसटते. त्यामुळे पदवी घेऊन बाहेर पडताना तपासणाऱ्याचं काम जमायला हवं.

तपासणं म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. हजार जणांपैकी १० जणांना एक आजार आहे. ‘९० टक्के अचूक’ असलेलं यंत्र त्या १०पैकी ९ जणांना ओळखतं, पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांतल्या ९९ जणांनाही आजारी ठरवतं. म्हणजे इशारा मिळालेल्या १०८ जणांत खरे रुग्ण नऊच. गंमत म्हणजे ‘कोणीच आजारी नाही’ एवढंच बडबडणारं यंत्र या हजारांत ९९ टक्के अचूक ठरेल! हा हिशेब ज्याला चटकन दिसतो, त्याची गरज सहजासहजी संपत नाही. आणि हा हिशेब संख्याशास्त्रातला आहे, एखाद्या सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणातला नाही.

म्हणून अभ्यासक्रमाची पुस्तिका हातात घ्या आणि पहिल्या दोन वर्षांचे विषय बघा. लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस, संभाव्यता व संख्याशास्त्र, डेटा स्ट्रक्चर्स व अल्गोरिदम, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम – हे असेल तर पाटीवर काहीही लिहिलेलं चालेल. याऐवजी टूल्सची, म्हणजे तयार सॉफ्टवेअरची, नावंच जास्त दिसली तर साधी कॉम्प्युटर सायन्स, गणित किंवा संख्याशास्त्राची पदवी बरी. टूल्स तिची पदवी पूर्ण होण्याआधीच बदललेली असतील. प्रथिनांची रचना वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय-प्रणालीसाठी २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळालेले डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांच्यापैकी पहिल्यांची पीएचडी मेंदूविज्ञानातली, दुसऱ्यांची रसायनशास्त्रातली. यंत्राबरोबर दुसरा एखादा विषय मुळापासून येणं किती कामाचं असतं, ते यावरून दिसेल.

प्रवेशाआधी बारा आठवड्यांची चाचणी घेता येईल. पहिले चार आठवडे पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेची तोंडओळख. मग काही हजार ओळींची, सगळ्यांसाठी खुली असलेली डेटाची एखादी फाइल घेऊन ती साफ करायची : रिकामे रकाने, एकाच नावाची दोन स्पेलिंग्ज, तारखा लिहिण्याच्या दोन पद्धती. त्यातला २० टक्के भाग बाजूला काढून शेवटपर्यंत त्याला हात लावायचा नाही, बाकीच्यावर साधं मॉडेल, म्हणजे डेटावरून अंदाज बांधायला शिकणारा प्रोग्राम, बसवायचं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एकाच व्यक्तीच्या नोंदी दोन्ही भागांत राहतात, मॉडेल तिला आधीच ‘ओळखत’ असतं आणि निकाल फसवा चांगला येतो. शेवटी बाजूला काढलेल्या भागावर मॉडेल तपासून त्याच्या पन्नास चुका एकेक करून वाचायच्या आणि प्रत्येकीचं कारण लिहायचं. मॉडेल चालवण्यापेक्षा या साफसफाईत आणि चुका वाचण्यात कितीतरी जास्त वेळ जातो. ते करताना ती रमली तर खुशाल पुढे जाऊ द्या. कंटाळून सोडून दिलं तर दुसऱ्या शाखेचा विचार आत्ताच करा.

मशीन प्रोग्राम लिहितं, हे खरं आहे. छोटा, नेहमीचा तुकडा ते झटक्यात देतं. फसतं ते न सांगितलेल्या अटींवर : रिकामी फाइल आली तर काय, तोच अर्ज दोनदा आला तर काय? कधी अस्तित्वातच नसलेलं फंक्शनही वापरून मोकळं होतं. तेव्हा दुसऱ्याचा कोड वाचणं आणि त्यासाठी चाचण्या लिहिणं तिने पहिल्या वर्षापासून शिकावं.

आता चॅटबॉट. तो पुढचा संभाव्य शब्द जुळवत जातो, त्यामुळे चुकीचं उत्तरही त्याच ठसक्यात येतं. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला, कारण त्यांनी दाखल केलेले निवाडे चॅटजीपीटीने रचलेले होते. ते खरे आहेत का, असं त्यालाच विचारल्यावर त्याने ‘हो’ म्हटलं होतं! बंदी घालू नका, ती पाळली जाणार नाही. क्रम मात्र ठरवून द्या : आधी वीस मिनिटं गणित स्वतः, वहीत, अडलं तर फक्त पुढची पायरी विचारायची, उत्तर मिळाल्यावर चॅटबॉटची खिडकी बंद करून पुन्हा कोऱ्या पानावर सोडवायचं. नावं, तारखा, सूत्रं पाठ्यपुस्तकातूनच पडताळायची. आणि स्वतःची किंवा मैत्रिणींची खासगी कागदपत्रं त्यात अजिबात टाकायची नाहीत.