जुन्या गाडीचा हीटर कोमट हवा देतो, कोअर बदलावाच लागेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: २००७ सालची पेट्रोल हॅचबॅक, नंतर सीएनजी किट बसवलेलं. पहाटे नाशिकहून निफाडकडे कामाला जाता. हीटर फुल गरमवर ठेवला तरी जेमतेम कोमट हवा येते. गॅरेजवाला म्हणतो, कोअर चोकअप आहे, डॅशबोर्ड खोलून बदलावा लागेल. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, त्यामुळे तुमची घाई समजते. तरी लगेच होकार देऊ नका. आधी बॉनेट उघडून दोन होज हाताने चाचपा.

मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्या काळच्या छोट्या गाड्यांची रचना जवळपास सारखीच. हीटर स्वतः काहीच तापवत नाही. इंजिनातलं गरम कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) एका होजमधून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कोअरमध्ये जातं आणि दुसऱ्या होजने परत येतं. ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. तेव्हा बघायचं इतकंच की पाणी पुरेसं तापतंय का, ते कोअरपर्यंत पोचतंय का, आणि हवा खरंच कोअरवरून जातेय का.

गाडी वीसेक मिनिटं चालवून आणा, मोकळ्यावर उभी करा (बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हा प्रयोग अजिबात नको), हीटर फुल गरमवर, ब्लोअर दुसऱ्या नंबरवर. इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून केबिनकडे जाणारे अंगठ्याएवढ्या जाडीचे दोन रबरी होज दिसतील. बेल्ट आणि पंख्यापासून हात लांब ठेवून दोन्हींना बोट लावा. दोन्ही चटका बसेल इतके गरम असतील तर पाणी फिरतंय, दोष हवेच्या बाजूला आहे. एक गरम आणि दुसरा थंड किंवा कोमट असेल तर पाणी कुठेतरी अडतंय. दोन्ही कोमट असतील तर बहुधा इंजिनच तापत नाही, नाहीतर कूलंट कमी आहे.

हात लावण्याआधी होज शेवटपर्यंत नजरेने बघून घ्या. कोअर गळायला लागला की मॅट भिजू नये म्हणून काही जण दोन्ही होज पत्र्याच्या अलीकडेच एका वाकड्या पाइपने एकमेकांना जोडतात. याला बायपास मारणं म्हणतात. अशा गाडीत दोन्ही होज कडक गरम लागतात, पण केबिनमध्ये ऊब शून्य. सेकंड हँड घेतलेल्या गाडीत हे हमखास बघावं, कारण विकणारा हे सांगत नाही.

आता आपल्याकडचं खरं दुखणं: थर्मोस्टॅट. गाडी उन्हाळ्यात तापली की बरेच मेस्त्री मूळ कारण शोधण्याऐवजी थर्मोस्टॅट वॉल काढून फेकून देतात. ‘आपल्या हवेत त्याची गरज नाही,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही. हा वॉल साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. तोवर तो पाणी रेडिएटरकडे जाऊच देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं. तो काढला किंवा उघडा अडकला की थंडीत पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि हायवेवर धावताना वाऱ्याने आणखी गार होतं. हीटरला मिळतं ते कोमट पाणी, आणि मायलेजही घसरतं, कारण इंजिन अजून थंडच आहे असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडत राहतो.

ओळखायचं कसं? सकाळी थंड गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर अधूनमधून हात ठेवा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो होज बराच वेळ गार राहतो आणि मग अचानक गरम होतो. सुरुवातीपासूनच हळूहळू ऊन व्हायला लागला तर वॉल नाही किंवा उघडा अडकलाय. दुसरी खूण टेम्परेचरच्या काट्याची. सिग्नलला उभं राहिलं की वर, मोकळ्या रस्त्यावर पळवली की पार खाली, आणि कसाऱ्याचा घाट उतरताना तळाला टेकला, तर निदान झालंच म्हणा. वॉल असेल पण शंका असेल तर बाहेर काढून पातेल्यात पाण्याबरोबर तापवून बघता येतो. पाणी उकळायच्या आत तो उघडलेला दिसला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. भाग स्वस्त आहे, त्यामुळे मी तर सरळ नवाच टाकतो. रेडिएटरचा पंखा ‘डायरेक्ट’ करून ठेवला असेल, म्हणजे गाडी चालू असेपर्यंत तो सतत फिरत असेल, तर तेही त्याच वेळी सरळ करून घ्या. वॉल शाबूत असेल तर डायरेक्ट पंख्याने हीटरला फार फरक पडत नाही, वॉल नसेल तर मात्र दुष्काळात तेरावा महिना.

सीएनजी किटचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिलाय, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सिलिंडरमधला गॅस उच्च दाबाचा असतो. रिड्यूसरमध्ये तो दाब उतरला की गॅस एकदम थंड होतो, म्हणून रिड्यूसरला गरम कूलंट द्यावं लागतं. ते बहुतेक किटमध्ये हीटरच्याच होजला टी जॉइंट मारून घेतलेलं असतं. जोडणी नीट असेल तर दोघांनाही पुरेसं पाणी मिळतं. पण टी चुकीच्या जागी असेल, बारीक पाइप वापरला असेल किंवा काम करताना आत हवा राहिली असेल, तर पाणी सोपी वाट धरून रिड्यूसरमधूनच परतत राहतं आणि कोअर उपाशी. किट बसवल्यानंतर काही दिवसांतच हीटर मंदावला असेल तर मी पहिला संशय इथेच घेईन. पहाटे सीएनजीवर गाडी झटके देत असेल, रिड्यूसरच्या अंगावर दव किंवा बर्फासारखा पांढरा थर दिसत असेल, तर कूलंट तिथेही धड पोचत नाही. मग दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. ती जोडणी किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडूनच बदलून घ्या, स्वतः होज कापत बसू नका.

कूलंट कमी असणं आणि आत हवा अडकणं ही जुळी भावंडं. वळणावर किंवा रेस दिल्यावर डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज येत असेल, किंवा रेस दिली की गरम आणि न्यूट्रलला सोडली की थंड हवा येत असेल, तर आधी पातळी बघा. नुसता रिझर्व्ह डबा बघून भागत नाही, रेडिएटरचं झाकण उघडून बघावं लागतं, आणि तेही गाडी पूर्ण गार असतानाच. गरम असताना आत दाब असतो, उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर फुल गरमवर, झाकण काढून गार इंजिन सुरू करा, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा. पातळी वारंवार उतरत असेल तर ते पाणी जातंय कुठे ते शोधा. इंजिन तापल्यावरही बुडबुडे थांबत नसतील आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर हीटरचा विषय बाजूला ठेवा, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, बघायला लागेल. पातळी पूर्ण असूनही न्यूट्रलला गार पडत असेल तर वॉटर पंपाचा पंखा झिजलाय का ते बघायचं.

आता तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं. एक होज कडक गरम, दुसरा कोमट, आत हवा नाही, टी जॉइंट ठीक, होजवर हीटर वॉल (कोअरकडचं पाणी बंद-चालू करणारा) असेल तर तोही पूर्ण उघडतोय, तर हो, कोअर चोकअप आहे. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतलेल्या गाडीत क्षार आणि गंज आधी या बारीक नळ्यांत बसतात. तरीही बदलण्याआधी उलटा फ्लश करून घ्या. दोन्ही होज सोडवायचे, परतीच्या तोंडातून बागेच्या पाइपने बेताच्या दाबाने पाणी सोडायचं, दुसऱ्या तोंडातून तांबडा गाळ येईल तो स्वच्छ पाणी येईपर्यंत येऊ द्यायचा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर लावू नका, जुना कोअर फुटतो. ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड घालणारे महाभागही भेटतील. ॲल्युमिनियम त्यात खाल्लं जातं. मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं, किंवा सरळ तयार मिश्रण.

दोन्ही होज गरम निघाले तर काम आणखी सोपं. गरम-थंडच्या नॉबमागची केबल क्लिपमधून सुटते आणि हवा कोअरकडे वळवणारा फ्लॅप अर्धवटच फिरतो. पॅसेंजरच्या पायाजवळ टॉर्च घेऊन बसा, कुणाला तरी नॉब फिरवायला सांगा, दिसेल. हवाच कमी येत असेल तर ब्लोअर, फिल्टर असल्यास तो, आणि उंदराने आणून ठेवलेला पालापाचोळा.

कोअर बदलायलाच लागतो तो गळत असेल तर. काचेवर आतून तेलकट धुकं, केबिनमध्ये गोडसर वास, आणि पॅसेंजरच्या पायाखालचं मॅट ओलं. मात्र नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ती एसीची ड्रेन नळी तुंबलेली असू शकते, बोटाला चिकट लागतंय का बघा. गळतोच आहे असं ठरलं आणि डॅशबोर्ड खोलला, तर फ्लॅपवरचा कुजलेला स्पंज आणि दोन्ही होज त्याच वेळी नवे टाकून घ्या. मजुरी सगळी खोलण्याची असते.