सेबेंझा ३१ घ्यायचा आहे : मोठा की लहान, ड्रॉप पॉइंट की इन्सिंगो, साधा की इनलेवाला?

आधी डाव्या हाताचं बघू. तुम्ही मोठा की लहान, पात्याचा आकार, मुठीत लाकूड हवं की नको, हे सगळं सविस्तर विचारलंय आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘मी डावखुरा आहे, पण सवय होते म्हणतात.’ चार वर्षं बोनस बाजूला टाकून तुम्ही हा एक चाकू घेणार आहात. सवय लावून घ्यायची वेळ त्यात का यावी? सेबेंझा ३१ हा घडीचा चाकू बनवणारी कंपनी, ख्रिस रीव्ह नाइव्ह्ज, तो डावखुऱ्यांसाठीही बनवते. तोच घ्या. बाकीच्या निवडी पुढेमागे चुकल्या तरी निभावतात, ही निभावत नाही.

कारण असं की, या चाकूत लॉक म्हणून वेगळा भाग बसवलेला नसतो. मुठीच्या एका बाजूची टायटॅनियमची पाटीच लांबीला चिरून तिची स्प्रिंग केलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ती पट्टी आत सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकून बसते. ही रचना कंपनीचे संस्थापक ख्रिस रीव्ह यांची. आज तिला सगळीकडे फ्रेम लॉक म्हणतात आणि जगभर तिची नक्कल होते. उजव्या हातात चाकू असला की मिटताना अंगठा आपोआप त्या पट्टीवर येतो, ती बाजूला ढकलतो आणि पातं सुटतं. तोच चाकू डाव्या हातात घ्या. पट्टी आता उलट्या बाजूला गेली. ती तर्जनीच्या टोकाने ओढावी लागते, आणि पातं मिटत येतं तेव्हा ते बोट नेमकं त्याच्या वाटेत असतं. माझा धाकटा भाऊ डावखुरा आहे. त्याने माझा उजव्या हाताचा चाकू दोन महिने वापरला. मिटायची वेळ आली की तो दर वेळी चाकू उजव्या हातात घ्यायचा. दोन महिन्यांनी त्याने तो परत आणून दिला. डाव्या हाताच्या चाकूत पट्टी, क्लिप सगळं आरशातल्यासारखं उलटं असतं.

आता मोठा की लहान. मोठ्याचं पातं साधारण ९२ मिलिमीटर आणि वजन १३३ ग्रॅम. लहानाचं पातं ७६ मिलिमीटर आणि वजन ८५ ग्रॅम. आकडे वाचून मोठाच घ्यावासा वाटतो. मीही एवढे पैसे घालायचे तर पूर्ण आकाराचाच घेऊ म्हणून मोठा घेतला होता. चाकूत काही खोट नव्हती. माझं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटं मशिनिंगचं युनिट आहे, मोजमाप हाच धंदा. त्या चाकूचं पातं उघडून बाजूने हलवून बघितलं तर केसाएवढीही हालचाल नव्हती. पिव्होटचा, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळीचा, स्क्रू शेवटपर्यंत आवळला तरी पातं जड होत नव्हतं, कारण आत बुश, म्हणजे पोकळ नळी, आहे आणि स्क्रूचा दाब बुशवर जातो, पात्यावर जात नाही. तो बुश, दोन्हीकडची फॉस्फर ब्राँझची वॉशर आणि पात्याची जाडी हे तिन्ही किती बारकाईने जुळवावं लागत असेल, हे लेथवर उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. त्या रात्री मी तो तीनदा खोलून जोडला.

पण तो बाहेर काढायची वेळ आली एका साखरपुड्यात. भेटवस्तूच्या खोक्याला नायलॉनची दोरी घट्ट बांधलेली होती, कुणाला सुटेना. मी खिशातून चाकू काढला, अंगठ्याने उघडला आणि दोरी कापली. आजूबाजूची माणसं गप्प झाली. आत्या हळूच म्हणाली, “हे असलं खिशात घेऊन फिरतोस व्हय रे?” तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे ९२ मिलिमीटरचं पातं एका हाताने खटकन उघडलं की लोकांना पेपरातली बातमी आठवते. त्यानंतर तो चाकू कपाटातच राहिला. पुढे दाजींनी मागितला. त्यांची कागलकडे उसाची शेती आहे. ठिबकची नळी, खताच्या पोत्यांची शिवण, सुतळी, दिवसभर काहीतरी कापायचं असतंच. रानात त्या चाकूचं चीज झालं. सेबेंझा या झुलू शब्दाचा अर्थच काम.

मी नंतर लहान घेतला. तोच लॉक, तोच बुश, पण हातात दिसताना पेरू कापायचा चाकू वाटतो. गेली अडीच वर्षं रोज खिशात आहे आणि कुणी दचकलेलं मला आठवत नाही. तुम्ही लिहिलंय की तुमचं काम शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी पन्हाळा-पावनखिंडीकडे चालायला जाता. टेबलावर खोकी उघडायची, पॅकिंगच्या पट्ट्या कापायच्या, डबा खाताना काकडी चिरायची. याला लहान पुरेसा आहे. फक्त तुमचा पंजा फार मोठा असेल तर लहानावर करंगळी मुठीबाहेर जाते. ते मात्र स्वतः बघायला हवं, त्याची युक्ती शेवटी सांगतो.

पात्याच्या आकारात मला तुमच्यापेक्षा वेगळं वाटतं. तुमचा कल टँटोकडे आहे. टँटोला टोकाजवळ धारेचा एक कोन असतो; तो दिसायला फार सुंदर, पण फळ सोलताना तो कोन मधे येतो आणि धार लावताना दोन वेगळ्या धारा लावाव्या लागतात. ड्रॉप पॉइंट म्हणजे आपल्या नेहमीच्या ओळखीचं पातं. टोकाकडे पोट गोल होत जातं. सोलणं, चिरणं, कशालाही चालतं. इन्सिंगोचं टोक खाली उतरलेलं असतं आणि धार जवळजवळ सरळ, अगदी किंचित वळण. झुलूत इन्सिंगो म्हणजे वस्तरा. सपाट फळीवर ठेवून कापायचं असेल तर या आकाराला तोड नाही. आपल्याकडे चप्पल बनवणारे कारागीर रापी चालवतात तेव्हा धार कातड्यावर पूर्ण टेकलेली असते, म्हणून काप कुठेही ओढला जात नाही. रापीचा आकार वेगळा आहे, पण धार टेकण्याचं तत्त्व तेच. मी इन्सिंगोने गॅस्केटचे कागद कापतो, पट्टीच्या कडेने टोक बरोबर रेघेवर चालतं. तुमचं काम टेबलावरचं आहे, त्यामुळे माझं मत इन्सिंगोला. घरीदारी फळं कापण्यासाठीच जास्त वापरणार असाल तर ड्रॉप पॉइंट घ्या, त्यातही पस्तावणार नाही.

पोलादावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपण फाउंड्रीच्या गावातले आहोत आणि तुम्ही लिहिलंय की, ‘जुन्या स्टॉकमध्ये एस४५व्हीएन पोलादाचा मिळतोय, क्रोमियम जास्त म्हणजे गंजणार नाही ना?’ हिशोब असा सरळ नाही. एस४५व्हीएनमध्ये क्रोमियम १६ टक्के आहे आणि आताच्या चाकूंतल्या मॅग्नाकट पोलादात जेमतेम ११ टक्क्यांच्या आसपास. तरी गंजाला मॅग्नाकट जास्त टिकतो. गंजापासून वाचवतं ते पोलादात विरघळून राहिलेलं क्रोमियम. एस४५व्हीएनमध्ये त्यातलं बरंचसं कार्बनशी जोडी जमवून कार्बाइड, म्हणजे कठीण कण, होऊन बसतं. ते झिजेला उपयोगी, गंजाला नाही. मॅग्नाकट लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने तयार केला आणि तो २०२१ साली बाजारात आला. त्यात हीच जोडी मोडून काढलीय. कार्बाइडचं काम व्हॅनेडियम आणि नायोबियम करतात, आणि क्रोमियम जवळपास सगळं मोकळं राहतं. दोन्ही पोलादं पावडरची आहेत. वितळलेल्या धातूचा फवारा मारून भुकटी करतात आणि ती उष्णतेत दाबून ठोकळा करतात, म्हणून कार्बाइडचे कण बारीक आणि सगळीकडे सारखे पसरलेले असतात. साध्या ओतकामात एवढ्या मिश्रधातूचे कण मोठे होऊन एका जागी गोळा झाले असते.

माझा मोठा चाकू एस४५व्हीएनचा होता. एकदा मे महिन्यात कैऱ्या चिरून नुसता फडक्याने पुसून मिटला आणि विसरलो. पहिल्या पावसानंतर उघडला तर पिव्होटजवळ बारीक तांबूस ठिपके. घासून गेले, पण तेव्हापासून डोक्यात बसलं. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून कपाटातल्या चपलांना बुरशी येते, गगनबावड्याकडे तर विचारूच नका. तुम्ही पावसात पन्हाळा-पावनखिंड चालणार, चाकू ओल्या खिशात राहणार. थोडे पैसे जास्त पडले तरी मॅग्नाकट घ्या.

मुठीबद्दल थोडक्यात. साधी टायटॅनियमची मूठ ब्लास्टिंग केलेली, म्हणजे बारीक कणांचा मारा केलेली, करडी, मंद असते. तिच्यावर किल्ल्यांचे चकचकीत ओरखडे उठणार हे धरून चाला. उद्यमनगरात कुणी पुन्हा ब्लास्टिंग करून देतो म्हणाला तरी देऊ नका; पिव्होटच्या भोकात आणि आतल्या बाजूला ते कण गेले तर ज्या मापासाठी पैसे दिले तेच जाईल. लाकडाचा इनले, म्हणजे मुठीत बसवलेला लाकडाचा तुकडा, फार देखणा दिसतो, पण आपल्या पावसात रोज खिशात ठेवायला मी घेणार नाही. हात गार धातूला नको म्हणत असेल तर मिकार्टा बघा, म्हणजे कापडाचे थर राळेत दाबून केलेला. हाताच्या तेलाने तो हळूहळू गडद होतो, आणि मला तो रंग आवडतो.

लॉकच्या ठिकाणी ३१मध्ये सिरॅमिकची बारीक गोळी आहे. आधीच्या रचनेत टायटॅनियम सरळ पोलादावर टेकायचं आणि टायटॅनियमला चिकटायची खोड असते, हे तुम्हाला मशिनिंगमध्ये माहीत असेलच. आता तीच गोळी पातं मिटलेलं धरून ठेवते आणि उघडल्यावर पात्याच्या बुडालाही तीच टेकते. जुन्या २१मध्ये, म्हणजे याच्या आधीच्या मॉडेलमध्ये, ही सोय नाही. तरी तो स्वस्तात मिळाला तर घ्यावा का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : डावखुरा मिळाला तर जरूर, नाहीतर नको.

धार लावायला कृपा करून गल्लीत सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे देऊ नका. त्याचं कसब विळी-कोयत्यासाठी आहे. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते आणि तिथलं पाणी उतरतं. शिवाय यातलं व्हॅनेडियम कार्बाइड नेहमीच्या दगडाच्या कणांपेक्षा कठीण आहे, त्यामुळे डायमंडची प्लेट घ्या. महिन्यातून एकदा दहा मिनिटं हलक्या हाताने फिरवली तरी पुरतं.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. हे दोन्ही चाकू त्याच्या कितीतरी आत येतात. पण सणासुदीला आणि निवडणुकीत जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात सुरे आणि इजा करता येईल अशा वस्तू बाळगायलाच बंदी असते. पेपरात तशी बातमी आली की चाकू घरी ठेवा. अंबाबाईच्या देवळात जाताना नको आणि उजळाईवाडीहून विमानाने जाताना केबिनच्या बॅगेत तर नाहीच.

आता ती युक्ती. स्क्रॅपमधून एम.एस.च्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, फ्लॅटपट्टीचे दोन तुकडे कापून घ्या. एक २५ बाय ६ मिलिमीटरचा, सव्वाअकरा सेंटिमीटर लांब. तो बरोबर १३३ ग्रॅमच्या आसपास भरतो. दुसरा २० बाय ५ चा, पावणेअकरा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम. मोठा सेबेंझा मिटून साधारण १२ सेंटिमीटर आणि लहान १० सेंटिमीटर असतो, त्यामुळे अंदाज चांगला येतो. कडा फाइलने मारा, नाहीतर खिसा फाटेल. एक तुकडा चार दिवस, दुसरा चार दिवस, डाव्या खिशात ठेवून कामावर जा, मोटारसायकल चालवा, जिना चढा. मग तो डाव्या मुठीत धरून करंगळी कुठे येते ते बघा. ऑर्डर देताना विक्रेत्याकडून ‘लेफ्ट हँडेड’ हे शब्द लेखी घ्या, आणि पार्सल आलं की पहिल्यांदा मुठीवरची चीर कोणत्या बाजूला आहे ते तपासा : चाकू डाव्या हातात धरून मिटायला गेलात की अंगठा तिच्यावर यायला हवा.