फॉर्म पाठवण्याआधी रिकामं कोष्टक काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संज्ञापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं शेवटचं सत्र, हातात सोळा आठवडे, विषय ‘समाजमाध्यमांचा तरुणांवर होणारा परिणाम’, आणि गुगल फॉर्मची लिंक 200 जणांना पाठवायचा विचार. एवढ्यावर प्रकल्प उभा राहील का, असं तुम्ही विचारलंय. लिंक अजून पाठवली नसेल तर कृपया थांबा.

अडचण 200 या आकड्यात नाही, ‘परिणाम’ या शब्दात आहे. एकदाच भरून घेतलेल्या फॉर्मवरून फार तर इतकं कळेल की जे फोन जास्त वापरतात ते बेचैन असल्याचंही जास्त सांगतात. फोनमुळे माणूस बेचैन होतो, की बेचैन माणूस फोन हातात घेतो, हे त्यातून ठरत नाही. त्यात वापराचा वेळ आपण लोकांनाच विचारणार. माणूस सांगतो तो वेळ आणि फोनने नोंदवलेला वेळ यांत बरीच तफावत असते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

आपल्या क्षेत्रातलंच एक उदाहरण घ्या. 1968 च्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅककोम्ब्ज आणि डोनाल्ड शॉ या माध्यम-अभ्यासकांनी चॅपल हिल या गावात मत कोणाला द्यायचं हे न ठरवलेल्या फक्त 100 मतदारांना गाठलं. तुम्हाला कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात, एवढंच विचारलं. दुसरीकडे हे मतदार ज्या माध्यमांतून बातम्या घेत होते, त्यांत कोणत्या प्रश्नांना किती जागा मिळाली ते मोजलं आणि दोन क्रम शेजारी ठेवले. ते विलक्षण जुळले. 1972 मध्ये छापून आलेल्या या लेखापासून ‘अजेंडा सेटिंग’ची, म्हणजे कोणते प्रश्न महत्त्वाचे हे लोकांच्या मनात माध्यमं ठसवतात या कल्पनेची, चर्चा रुजली. माणसं 100 च होती, पण काय कशाशी ताडून पाहायचं हे पक्कं होतं. तरीही कोणामुळे कोण बदललं, हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. त्यासाठी पुढे 1980 च्या दशकात शांतो अय्यंगार, डोनाल्ड किंडर आणि सहकाऱ्यांना मुद्दाम फेरफार केलेली बातमीपत्रं दाखवून प्रयोग करावे लागले. सोळा आठवड्यांत एकट्याने ‘परिणाम’ दाखवणं किती अवघड आहे, ते यावरून लक्षात येईल. तो शब्द शीर्षकातून काढा. गाइड बहुतेक हरकत घेणार नाहीत.

त्याऐवजी काय? विषय तोच ठेवून प्रश्न लहान करता येईल. उदाहरणार्थ: तरुणांसाठी केलेल्या आरोग्यविषयक छोट्या व्हिडिओंत केलेल्या दाव्याला आधार सांगितला जातो का, आणि डॉक्टर व इतर लोक यांच्यात त्याबाबत फरक आहे का? याला आशय विश्लेषण, म्हणजे व्हिडिओंत काय आहे ते ठरलेल्या नियमांनी वर्गवार मोजणं, चालेल, सर्व्हे लागणार नाही. ‘तरुण अशा दाव्यांवर विश्वास कसा ठेवतात’ हे जाणून घ्यायचं असेल तर मात्र दहा-बारा सविस्तर मुलाखती 200 फॉर्मपेक्षा जास्त देतील. पद्धत आधी आणि प्रश्न नंतर, असं करू नका.

प्रश्न ठरला की लगेच कागदावर निष्कर्षाचं कोष्टक काढा, रिकामं. वरच्या प्रश्नासाठी दोन ओळी: डॉक्टर, इतर. तीन रकाने: नेमका आधार, मोघम आधार, आधार नाही. आता प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून स्वतःला विचारा, यात आकडा कुठून येणार? डॉक्टरांचे व्हिडिओ एकूण सातच मिळाले तर ती ओळ काही सांगेल का? सांगणार नसेल, तर निवड करतानाच दोन्ही गटांतून सारखे व्हिडिओ घ्यावे लागतील. मी माझ्या पदव्युत्तर प्रकल्पात हे केलं नाही. 160 फॉर्म भरून घेतले आणि लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की कोणत्या माध्यमावर किती विश्वास, हे मी माध्यमवार विचारलंच नव्हतं. माझा मुख्य प्रश्न तोच होता. लोकांनी दिलेला वेळ वाया गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. रिकामं कोष्टक काढलं असतं तर ते अर्ध्या तासात दिसलं असतं.

मग कोडबुक, म्हणजे कोणता व्हिडिओ कोणत्या रकान्यात टाकायचा याची नियमावली. त्या नियमांनी व्हिडिओ रकान्यांत टाकणं म्हणजे कोडिंग. खरं संशोधन इथे होतं, म्हणून यावर वेळ घालवा. एका व्हिडिओत कोणी म्हणतं, ‘हे संशोधनाने सिद्ध झालंय.’ कुठलं संशोधन, कोणाचं, काही नाही. हा आधार झाला का? तुम्ही ‘मोघम’ म्हणाल, तुमची मैत्रीण ‘नाही’ म्हणेल, आणि दोघींचंही बरोबर वाटेल. म्हणून नियम लिहायचा: संस्था, व्यक्ती, नियतकालिक किंवा वर्ष यांपैकी एक तरी सांगितलं असेल तर ‘नेमका’, नुसतं ‘संशोधन’, ‘तज्ज्ञ’ असे शब्द असतील तर ‘मोघम’. पडद्यावर बारीक अक्षरांत नाव असेल पण बोललं नसेल तर? त्यालाही नियम हवा. असे वीस व्हिडिओ दोघींनी एकमेकींना न विचारता कोड करा, मग भांडा, नियम सुधारा, नवे वीस घ्या.

दोघींचं किती जुळलं हे नुसत्या टक्क्यांत सांगू नका. समजा आधार ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच ठरवायचं आहे आणि 100 पैकी 90 व्हिडिओंना प्रत्येकीने ‘नाही’ म्हटलं, 10 ना ‘आहे’. पण दोघींचे ते 90 तंतोतंत तेच नव्हते: 85 वर दोघींचं ‘नाही’, 5 वर दोघींचं ‘आहे’, 10 वर मतभेद. जुळणी 90 टक्के. छान दिसते. पण या प्रमाणात डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी 82 टक्के जुळलंच असतं (‘नाही’वर 90 टक्क्यांचे 90 टक्के म्हणजे 81, ‘आहे’वर 10 टक्क्यांचे 10 टक्के म्हणजे 1). म्हणून जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला ‘कप्पा’ (kappa) हा जुळणीचा आकडा काढतात: 82 च्या वर उरलेल्या 18 पैकी तुम्ही 8 मिळवले, म्हणजे 0.44. हे कमी आहे. कोडबुक अजून कच्चं आहे, असा त्याचा अर्थ. तोंडी परीक्षेत हे नीट सांगता आलं तर समोरच्यांना तुमचं काम कळतं.

निवडीबद्दल एकच सांगते. तुमच्या रोजच्या खात्यावर समोर येणारे व्हिडिओ घेऊ नका, ते तुमच्या सवयींनुसार आलेले असतात. नवं खातं उघडा, शोधशब्द आधी ठरवा, तारीख-वेळ टिपा आणि मिळालेला व्हिडिओ त्याच दिवशी जतन करा, कारण तो उद्या काढून टाकलेला असू शकतो. मुलाखती घेणार असाल तर आधी लेखी संमती, आणि खासगी गटांतले संदेश न विचारता अजिबात वापरू नका.

वेळेची वाटणी मी अशी करेन: प्रश्न आणि वाचन तीन आठवडे, कोडबुक आणि पायलट (वीस-वीस व्हिडिओंची आधीची चाचणी) दोन, कोडिंग चार, विश्लेषण दोन, लेखन चार. एक आठवडा मोकळा, तो लागतोच. पद्धतीचं प्रकरण मात्र कोडिंग चालू असतानाच लिहून काढा, तेव्हा नियम का बदलले ते डोक्यात ताजं असतं.

आणि ‘200 नमुना हवाच’ असं गाइड म्हणाले तर वाद घालू नका. रिकामं कोष्टक आणि दहा व्हिडिओंचं कोडिंग घेऊन त्यांच्यासमोर बसा, आणि कोणत्या चौकोनाला किती लागतील ते त्यांच्याबरोबरच मोजा.