होडीच्या फळ्या आणि फाइन आर्ट

ताई, नमस्कार.

मुलगा बारावी सायन्सला. बंदरावरून मोडक्या होडीच्या फळ्या, फाटकी जाळी, जांभ्याचे तुकडे आणतो, प्लायवूडवर ठोकतो, वर रंग चढवतो आणि म्हणतो, ‘हा आपला सडा.’ तुम्ही विचारता, यात सडा, म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार, कुठे दिसतो आणि याचं पोट कसं भरणार?

तुम्ही त्याच्या कामाचे फोटो पाठवलेत, त्यातल्या दुसऱ्या फोटोत सडा दिसला मला. दिवाळीनंतर गवत सुकतं ना, तोच रंग. चित्रकार जेराम पटेल यांनी साठच्या दशकात ब्लोटॉर्चने लाकूड जाळून चित्रं केली, अहमदाबादचे पिराजी सागरा लाकडाचे तुकडे आणि खिळे जोडून काम करत. म्हणजे पोराचं काही बिनसलेलं नाही.

पोटाचं मात्र स्पष्ट बोलतो. असली चित्रं विकून सुरुवातीची काही वर्षं घर चालेल, हे मी सांगणार नाही. पण नागावचे चित्रकार प्रभाकर बरवे आठवा. १९६१ पासून वीसेक वर्षं ते सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. चित्रं त्याच काळात घडत गेली. चित्रकार प्रभाकर कोलते मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकवत होते. नोकरी करणं म्हणजे चित्रकलेशी गद्दारी, हे खूळ त्याच्या डोक्यात असेल तर आधी ते काढा.

मला खटकलं ते वेगळंच. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत एकही रेखाटन नाही. बारावीनंतर बीएफए, म्हणजे फाइन आर्टची पदवी, चार वर्षांचं, कुठल्याही शाखेतून जाता येतं. पण सीईटीत, म्हणजे त्याच्या प्रवेश परीक्षेत, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र काढावं लागतं. तिथे फळ्या ठोकून चालत नाही! तेव्हा रोज तासभर पेन्सिल. तांब्या, कंदील, जेटीवरची माणसं, काहीही. शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. दिली नसेल तरी अडत नाही. फॉर्मच्या तारखा सीईटी सेलच्या संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सॲपवर विसंबू नका. बारावी नीट पास होऊ दे, म्हणजे पुढे बेत बदलला तरी वाट मोकळी राहील.

आणि त्या फळ्या आधी गोड्या पाण्यात भिजवून सावलीत खडखडीत वाळवायला सांगा. लाकडात मीठ राहिलं तर ते ओल धरतं, खिळे गंजतात, रंगाचे पोपडे सुटतात. तिसऱ्या फोटोत डावीकडे ते सुरू झालंय.